घराला सवय लागू नये

१

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मला सायकलचं वेड वगैरे काही नाही, घर चुकवायला एक निमित्त हवं असतं. हे ती पूर्वी भांडताना म्हणायची. नंतर नुसतं म्हणायची. नंतर म्हणेनाशी झाली. ही तिसरी पायरी सगळ्यात वाईट, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी त्याला शांतता समजलो.

मी नागसेन. नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मुलं माझ्यामागे मला 'सायकल सर' म्हणतात आणि मनातून मला ते आवडतं. वर्षातून सहा-सात वेळा, रजा आणि रविवार जोडून, मी एकटाच चार-पाच दिवसांसाठी निघायचो. मोठे रस्ते टाळून नायगाव, देगलूर, उदगीर, देवणी, निलंगा, अहमदपूर असा वेढा मला तोंडपाठ झाला होता. या टापूत दोन गावांच्या मध्ये कधी कधी आठ-आठ, दहा-दहा किलोमीटर नुसता माळ असतो. चाकांचा आवाज, आपला श्वास, आणि 'अहो' म्हणून हाक मारणारं कोणी नाही. सांगायला लाज वाटते, पण मला ते फार गोड वाटायचं.

सुरुवातीला शिल्पा पहाटे चारला उठून पोळीचे रोल आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायची. आमची बुद्धप्रिया डोळे चोळत फाटकापर्यंत यायची. मग शिल्पाला शाळेत नोकरी लागली, प्रिया मोठी झाली, पहाटेची झोप दोघींना प्यारी झाली. दोन हिवाळ्यांपूर्वी डिसेंबरात मी निघालो तेव्हा दोघी झोपेत होत्या. मी दार हळूच ओढून घेतलं. वाईट वाटायला हवं होतं, मला हलकं वाटलं.

प्रवासात माझा एक नियम होता. रात्री आठ वाजता घरी फोन. "जेवलात?" "जेवलो. तुम्ही?" "जेवलो." "बरं." एवढंच. नियम पाळला जायचा, म्हणून मी स्वतःला चांगला नवरा समजत असे.

२

तिसऱ्या दिवशी उदगीरहून निघालो तेव्हा रस्त्यावर नेहमीपेक्षा जास्त वर्दळ होती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, एकेका मोटारसायकलवर चौघं. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर नवं कापड, मडकी. देवणी मागे पडल्यावर लक्षात आलं, आज येळवस.

लातूरकडच्या वाचकांना येळवस सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की मार्गशीर्षातल्या अमावस्येला इथली माणसं घरंदारं बंद करून सगळीच्या सगळी शेतात जातात. कडब्याची कोपी म्हणजे छोटं खोपटं करतात, तिच्यात पाच दगड मांडून पुजतात, आणि वाटेने जाणाऱ्या परक्यालाही ओढून आणून भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील खाऊ घालतात. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, देव सोडले, भुतंखेतं सोडली. पण मित्रांच्या शेतातली येळवसची भज्जी काही सोडली नाही. तिच्यात देव नाही, डाळीचं पीठ आहे, असं ते म्हणत. त्यांच्या हाताखाली मी वाढलो, तेव्हा माझ्या डोक्यात नको ते शिरायला जागाच नव्हती.

अकरा वाजेपर्यंत रस्ता ओस पडला. ऊन कोवळंच होतं, पण वारा तोंडावर होता आणि चढ लागला होता. माझ्या दोन्ही बाटल्या संपल्या. टेकाडाच्या पलीकडे एक गाव दिसलं, पन्नास-साठ घरांचं. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. त्या लोकांनी मला जेवू घातलं आहे.

३

गावात कोणीच नव्हतं. माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं, गोठ्यात जनावर नव्हतं. किराणा दुकान बंद. हापसा चार-पाच वेळा मारला, तो नुसता खोकला. संचारबंदीतली गावं मी पाहिली आहेत. तिथे खिडकीआड डोळे असतात. इथे तेही नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला मजाच वाटत होती. चौकात उभा राहून मी उगाच सायकलची घंटी वाजवली.

पाणी मागायची माझी एक पद्धत आहे. ओसरी झाडलेली असेल ते घर धरायचं, उंबऱ्यापासून दोन हात लांब उभं राहायचं आणि घरातल्या बाईला ऐकू जाईल असं, पण दटावल्यासारखं वाटणार नाही असं विचारायचं. गल्लीच्या टोकाला निळ्या दाराचं एक घर होतं. ओसरी सारवलेली, त्यावर चार बोटांची रांगोळी. मी सवयीने म्हणालो, "घरात आहे का कोणी? पाणी मिळेल का प्यायला?"

"आले, आले. बसा."

म्हातारीचा आवाज होता. थोडा बसका, शेवटी एक बारीक खोकला. मी ओसरीवर बसलो, हेल्मेट काढलं. आत बांगड्या वाजल्या. रांजणावरचं झाकण सरकलं. तांब्या पाण्यात बुडाला, तो भरताना होतो तसा आवाज झाला. मला तर त्या आवाजानेच निम्मं पाणी प्यायल्यासारखं झालं.

पाच मिनिटं गेली. मी म्हातारपणाला पाच मिनिटं देतो. मग पुन्हा हाक मारली.

"आले, आले. बसा."

पुन्हा तोच खोकला. पुन्हा बांगड्या, झाकण, तांब्या, त्याच क्रमाने. आणि तेव्हा माझं लक्ष दाराकडे गेलं. कडी घातलेली होती आणि कडीला बाहेरून कुलूप होतं.

माणसाची बुद्धी अशा वेळी किती झटपट काम करते ते बघण्यासारखं असतं. पहिला विचार, मागे दुसरं दार असेल. मी घराला वळसा घातला. मागे गोठ्याची भिंत, तिला झरोकासुद्धा नाही. दुसरा विचार, आवाज शेजारच्या घरातला असेल. ध्वनीचा धडा मी वीस वर्षं शिकवतो आहे. बोळात आवाज कसा वळतो ते मला माहीत आहे. शेजारच्या घराला कान लावला, तिथे सामसूम होती. तिसरा विचार आला तेव्हा मात्र मला राग आला. घरातली म्हातारी अंथरुणाला खिळलेली असणार, आणि ही मंडळी तिला कोंडून शेतात जेवायला गेली असणार.

मी दाराशी जाऊन म्हणालो, "आजी, बऱ्या आहात ना? तुम्हाला कोंडलंय का?"

आतले आवाज थांबले. मग फळीच्या अगदी पलीकडून, माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून ती म्हणाली, "आले, आले. बसा."

४

शेत गावापासून किलोमीटरभर होतं. लोकांचा गलका ऐकत मी हरभऱ्याच्या कडेने सायकल ढकलत गेलो. मी काही बोलायच्या आत मला हात धुवायला पाणी मिळालं, पत्रावळी समोर आली आणि कोणीतरी माझी सायकल बाभळीला टेकवून ठेवली. मी शिक्षक आहे म्हटल्यावर 'सर' झालो.

निळ्या दाराचं घर कोणाचं, असं मी जरा कडक आवाजातच विचारलं. पन्नाशीचा एक उंच माणूस पुढे आला. ईश्वरप्पा त्याचं नाव, गळ्यात लिंगाची डबी, कपाळावर भस्म. घर आमचंच, म्हणाला. मी त्याला सुनवायला सुरुवात केली. म्हाताऱ्या माणसाला कुलपात ठेवून सण करता, काही झालं तर जबाबदार कोण, वगैरे. वर्गात वापरतो ती सगळी वाक्यं मी वापरली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने आपली सगळी माणसं मला बोटाने दाखवली. बायको, भाऊ, भावजय, चार लेकरं. घरी कोणी राहत नाही, म्हणाला, आजच्या दिवशी राहायचंच नसतं.

तेवढ्यात कोपीच्या पलीकडून कोणीतरी, लक्ष्मम्मा, आंबील आणा, अशी हाक मारली. आणि कोपीच्या आतून उत्तर आलं.

"आले, आले. बसा."

बसका आवाज. शेवटी बारीक खोकला. हिरवं इरकली लुगडं नेसलेली, वाळकी, ताठ म्हातारी आंबिलीचं मडकं घेऊन बाहेर आली. ती ईश्वरप्पाची आई होती. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मी तिला घडलं ते सांगितलं. आता ते हसतील, किंवा घाबरतील, किंवा मला ऊन लागलं म्हणतील, असं वाटलं होतं. यातलं काहीच झालं नाही. बायका वाढत राहिल्या. लक्ष्मम्माने मडकं खाली ठेवलं, माझ्यासमोर बसली आणि दूध उतू गेलं का असं विचारावं इतक्या साधेपणाने विचारलं.

"चूल पेटल्याचा वास आला का, सर?"

नाही, म्हणालो.

"मंग बरं हाय." ती ईश्वरप्पाला म्हणाली, "टाइम हाय आजून."

मी विचारलं, हे काय आहे? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सांगायचं नाही असं काही नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर. सांगण्यासारखं काय आहे, असं होतं. शेवटी म्हातारी म्हणाली, "एक दिस चालतंय. घर आपलं आपून सांबाळून घेतंय. पर रात काढू द्यायची न्हाई. घराला सवय लागू देऊ नये."

मग ईश्वरप्पाने सहज विचारलं, "तुमाला किती दिस झाले सर, घर सोडून?"

तीन, म्हणालो. वर्षातून सहा-सात वेळा जातो, हेही सांगितलं, जरा अभिमानानेच.

"घरी कोण हाय?"

बायको आहे, मुलगी आहे.

"त्या हायेत, मंग घर रिकामं न्हाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुमची जागा तेवढी रिकामी हाय."

५

खरं म्हणजे मी तेव्हाच निघायला हवं होतं. पण मला ते घर उघडताना बघायचं होतं. माझी खात्री होती की कुलूप निघालं की आत एखादा जुना मोबाइल, एखादा रेडिओ, एखादी पाळलेली मैना सापडेल. मैनेवर माझी बरीच भिस्त होती.

सूर्य टेकला तशी सगळी गावकरी मंडळी एकदमच उठली. गवताचा पेटता हेंडगा घेऊन पिकाला फेरी झाली आणि सगळे मिळून गावाकडे निघाले. कोणी पुढे गेलं नाही, कोणी मागे रेंगाळलं नाही. गल्लीत शिरल्यावर जो तो आपापल्या दारासमोर उभा राहिला. निळ्या दाराचं कुलूप ईश्वरप्पाने काढलं, पण दार ढकललं नाही. लक्ष्मम्मा पुढे झाली आणि बंद दाराला म्हणाली, "मी आले गं."

आत एक भांडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. घाईचा नव्हता. हातातलं काम पुरं करून ठेवावं तसा होता. मग काहीच नाही. म्हातारीने मनातल्या मनात काही मोजल्यासारखं केलं आणि दार लोटलं.

मी तिच्या मागे होतो. आत अंधारलं होतं. मधल्या खोलीच्या पलीकडे स्वयंपाकघराची चौकट होती आणि त्या चौकटीतून एक पदर आत जात होता. हिरवा, लाल काठाचा. मी तो पुरता पाहिला असंही म्हणता येणार नाही. आपण खोलीत शिरावं आणि कोणी तरी नुकतंच उठून गेलेलं असावं, तेवढंच. ईश्वरप्पाने दिवा लावला तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. चूल थंड होती. मैना नव्हती.

उंबऱ्याच्या आत मात्र, दाराला लागून, पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या होता. वर फुलपात्र पालथं घातलेलं.

मी दुपारी मागितलेलं पाणी. लक्ष्मम्माने तांब्या उचलला, ओसरीच्या कडेला ओतून टाकला, घासला, आणि रांजणातून मला ताजं पाणी आणून दिलं. तिच्या हाताच्या बांगड्या वाजल्या, झाकण सरकलं, तांब्या बुडाला. दुपारचाच क्रम. मी डोळे मिटून प्यायलो.

६

रात्री त्यांच्याच ओसरीवर अंथरूण मिळालं. आठ वाजता नियमाप्रमाणे घरी फोन लावला. शिल्पाने उचलला तेव्हा ती हसत होती. फोन उचलताना ती हसत असण्याची सवय मला राहिली नव्हती.

जेवलात, जेवलो झालं. मग 'बरं' म्हणायच्या जागी ती म्हणाली, "काल रात्री गंमतच झाली."

कसली, असं मी विचारलं.

"तुम्ही परत आलात असं वाटलं मला. सायकल भिंतीला टेकवली की आवाज येतो ना, तसा आला. मी अर्धवट झोपेत विचारलं, आलात का? तर बाहेरच्या खोलीतून तुम्ही म्हणालात, आलो, आलो. अगदी तुमचा आवाज."

"मग?"

"मग काय. मला झोप लागली. लई दिवसांनी अशी झोप लागली बघा."

मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं मी तिला ऐकवलं. माझा आवाज मलाच पोकळ वाटला. भीती नाही वाटली का, असंही विचारलं.

"भीती कशाची? तुमचाच तर आवाज होता."

फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते आधी भीती नव्हती. तो मत्सर होता. पंधरा वर्षांत माझ्या येण्याने तिला शेवटची अशी झोप कधी लागली असेल, ते मी आठवत बसलो. आठवलं नाही. मग भीती वाटली.

ईश्वरप्पा दाराशी बसून सुपारी कातरत होता. त्याने सगळं ऐकलं असणार. मी विचारलं, एखाद्याने रात्र काढलीच बाहेर, तर काय होतं? तो म्हणाला, आमच्यात कोणी काढत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, "लवकर निघा सर. पाटंची पैली बस भरून येती, सायकल घेत न्हाईत."

७

देवणीपासून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या वर भरतं. मी ते कधी एका दमात केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. उजाडताना निघालो. उदगीरला चहासुद्धा घेतला नाही. अहमदपूरला बाजार समितीसमोर पायात गोळे आले, तिथे पाच मिनिटं जमिनीवर पाय लांब करून बसलो. लोक बघत होते. बघू देत.

पायडल मारताना माझी तर्कबुद्धी माझ्याबरोबरच होती. ती म्हणत होती, सूचना मनावर परिणाम करते. म्हाताऱ्यांचे आवाज सारखेच असतात. तांब्या सकाळी घाईत कोणीतरी ठेवला असेल. शिल्पा दमलेली असते. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. आणि प्रत्येक वाक्यानंतर मी जरा जास्त जोरात पायडल मारत होतो.

चारच्या सुमाराला आमच्या गल्लीत शिरलो. शिल्पा आणि प्रिया पाचपर्यंत शाळेतून येत नाहीत, तेव्हा दाराला कुलूप असणार हे ठरलेलंच होतं, आणि ते होतं. किल्ली माझ्या पिशवीत होती. सायकल भिंतीला टेकवताना मी ती इतकी हळू टेकवली की आवाजच झाला नाही.

आत वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मी ओळखतो तो आवाज. मी पान उलटल्यावर त्याला एक झटका देतो, घडी मोडू नये म्हणून. शिल्पाला त्याचा राग येतो. पान उलटलं, झटका दिला गेला, आणि कोणीतरी घसा खाकरला. मी घसा खाकरतो तसा.

बंद दारासमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी आलो."

आत काही थांबलं नाही. भांडं खाली ठेवल्यासारखं, काम आटोपतं घेतल्यासारखं काही झालं नाही. पुन्हा पान उलटलं. मी दुसऱ्यांदा म्हणालो, जरा मोठ्याने. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठण्याचा नव्हे. नीट बसण्याचा.

किल्ली हातात होती. हात कुलपापर्यंत जाईना. मला वाटलं, उघडलं आणि आत कोणी नसलं तर ठीक. पण उघडलं आणि आतून 'कोण पाहिजे?' असं विचारलं गेलं, तर मी काय सांगणार? माझ्या घरात मला काय म्हणून ओळखतात, हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

मी पायरीवर बसून राहिलो. पाचला स्कूटर आली. प्रिया उतरली, पप्पा आज कसे, म्हणाली. शिल्पा माझ्याकडे बघून थांबली.

"इतक्या लवकर?" ती म्हणाली. आनंद नव्हता, नाराजीही नव्हती. काही मांडलेलं असताना पाहुणा आधी आला की आपण म्हणतो, तसं म्हणाली.

तिने कुलूप काढलं, दार उघडलं आणि चौकटीत उभी राहिली. मी तिच्या मागे, दोन पायऱ्या खाली. मला आतलं काही दिसत नव्हतं, तिच्या चेहऱ्याची एक बाजू तेवढी दिसत होती. तो चेहरा सैल झाला. डोक्यावरचं ओझं कोणी उतरवून घेतल्यावर होतो तसा. असा चेहरा मी आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिला होता, आणि तो आता गेला असंच धरून चाललो होतो.

मग ती बाजूला झाली. मला आत घ्यायला नव्हे. ती दाराच्या दुसऱ्या अंगाला सरकली, बाहेर जाणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी, आणि पदर आवरून घेतला. माझ्या अंगावरून वारा गेला असं मी म्हणणार नाही. वारा गेला नाही. काहीच गेलं नाही. शिल्पा मात्र फाटकाकडे थोडा वेळ बघत राहिली.

नंतर मी आत गेलो. टेबलावर त्या दिवसाचं वर्तमानपत्र चार घड्या करून ठेवलेलं होतं. चार घड्या मी करतो. शिल्पा दोन करते.

८

त्यानंतर मी एकही रात्र घराबाहेर काढलेली नाही. परीक्षेच्या कामाला परगावी जायचं आलं तर दुखणं सांगतो. भावकीतल्या लग्नाला गेलो तर संध्याकाळी परत. मित्र म्हणतात, नागसेन म्हातारा झाला. होऊ दे.

मी घरात असतो. असणं म्हणजे काय करायचं ते मला नीट येत नाही, पण शिकतो आहे. भाजी निवडतो. प्रियाला गणितं सांगतो. शिल्पा शाळेतलं काही सांगायला लागली की पेपर खाली ठेवतो. ती सांगते, आणि मध्येच थांबते, आणि "जाऊ दे" म्हणते. एकदा म्हणाली, मागे तुम्ही यावर किती छान बोलला होतात. मी यावर कधीच बोललो नव्हतो. पण हे सगळ्याच घरांत होतं, नवरा-बायकोला एकमेकांचं बोलणं चुकीचं आठवतं. मी तसंच समजतो.

घर शांत आहे. पान आपोआप उलटत नाही, कोणी खाकरत नाही. मी जिंकलो, असं मला कधी कधी वाटतं. रात्री शिल्पा कुशीवर वळून जागी असते, तेव्हा वाटत नाही.

आज संध्याकाळी कॉलेजातून आलो तर सायकल दारात लावलेली होती. दोन वर्षांची धूळ कोणीतरी ओल्या फडक्याने पुसून काढली होती. साखळीला तेल होतं. मी टायर दाबून पाहिले, दोन्हींत टणक हवा होती.

शिल्पा दारात येऊन उभी राहिली. तिने केस विंचरले होते. मला वाटलं, ती माझ्याशी इतक्या मऊ आवाजात बोलल्याला किती वर्षं झाली असतील.

"किती दिवस झाले तुम्ही गेला नाहीत," ती म्हणाली. "जाऊन या ना चार दिवस. आमची नका काळजी करू."